भयपटावर चर्चा कशी करावी: भीती कुठे शिरते आणि कुठे गळते

भयपट संपला की बहुतेक गप्पा एकाच प्रश्नाभोवती फिरतात. भीती वाटली की नाही? एकजण म्हणतो, मला काहीच वाटले नाही; दुसरा म्हणतो, मला रात्रभर झोप लागली नाही; आणि विषय तिथेच थांबतो, कारण ज्याची भीती त्याच्याजवळ, तिच्यावर वाद कसा घालणार? परंतु चित्रपट कशाच्या जोरावर भीती उभी करतो, ती कोणत्या दृश्यात शिरते आणि कोणत्या दृश्यात गळून जाते, हे पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते. जे दाखवता येते त्यावर दोन माणसांना नीट बोलताही येते. सीमाभागातील आपल्या घरांत मराठी, कन्नड आणि हिंदी असे तिन्ही भाषांतील भयपट सारख्याच सहजतेने पाहिले जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा ठिकाणी वाचनालयात, महाविद्यालयात किंवा गल्लीतील मित्रमंडळींत अशी चर्चा घडवून आणू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला ठेवावी, ती म्हणजे तिकीटबारीवरील कमाई. ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा त्याचा व्यवसाय बेताचाच झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमावून गेला. मधल्या सहा वर्षांत चित्रपटात एकही चौकट बदललेली नव्हती. म्हणून ‘चालला’ आणि ‘जमला’ हे दोन निकाल वेगळे ठेवावेत, आणि आपली चर्चा दुसऱ्या निकालाची आहे हे पहिल्याच बैठकीत सर्वांना सांगावे.

चित्रपट निवडणे आणि पाहणे

एका बैठकीला एकच चित्रपट घ्यावा. पाच-सहा चित्रपटांची नावे एकदम घेतली की चर्चा आवडीनिवडीच्या यादीत विरून जाते. गटात मुले असतील तर प्रमाणपत्र पाहून घ्यावे. २०२४ पासून ‘यूए’ या वर्गात ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले आहेत, त्यामुळे निवड सोपी झाली आहे. पहिल्या बैठकीसाठी ज्याचा मूळ नियम स्पष्ट आहे असा चित्रपट घ्यावा. नियम म्हणजे काय ते पुढे येईलच.

चित्रपट सलग पाहावा. मध्ये फोन घेणे, चहाला उठणे, जाहिरातींसह दूरदर्शन संचावर पाहणे, यांपैकी काहीही झाले तर दिग्दर्शकाने हळूहळू साठवत आणलेला ताण वाया जातो आणि दोष मात्र चित्रपटावर येतो. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून खालच्या पट्टीतील आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. भयपटाचे निम्मे काम त्याच आवाजांवर चालते, म्हणून मोठा स्पीकर नसेल तर निदान चांगले हेडफोन तरी वापरावेत.

पाहताना टिपणे काढू नयेत. चित्रपट संपल्यावर मात्र कोणीही तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : अस्वस्थता प्रथम कुठे जाणवली, भीती सर्वांत जास्त कुठे होती, आणि ती कोणत्या क्षणी निघून गेली. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. आधी लिहून घेण्याचे कारण साधे आहे : गटातील मोठ्या आवाजाचा माणूस प्रथम बोलला की बाकीच्यांची आठवण त्याच्या मताप्रमाणे वळते. कागद गोळा करून वाचले की कित्येकदा चार-पाच जणांची भीती एकाच दृश्यात गळालेली दिसते. चर्चा त्या दृश्यापासून सुरू करावी, चित्रपटाच्या पहिल्या प्रसंगापासून नव्हे.

दचकणे वेगळे, धास्ती वेगळी

अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती सेकंदाच्या अगदी लहान भागात घडते आणि तिला विचाराची गरज लागत नाही. शेजारच्या खोलीत पातेले पडले तरी हेच घडते. त्यामुळे एखाद्या भयपटात आपण दहा वेळा दचकलो, हा त्या चित्रपटाच्या गुणवत्तेचा पुरावा ठरत नाही. पुरावा हवा तो धास्तीचा. दार अजून उघडलेले नाही, आवाज अजून झालेला नाही, तरीही पुढे पाहण्याची इच्छा होत नाही, ती अवस्था चित्रपटाने किती वेळ टिकवली हे तपासावे.

दचका चांगला कसा वापरता येतो याचे जुने आणि अजूनही शिकण्यासारखे उदाहरण ‘कॅट पीपल’ या १९४२ च्या अमेरिकन चित्रपटात आहे. एक स्त्री रात्री एकटी चालली आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आहे. काही वेळाने ती मागची पावले ऐकू येईनाशी होतात, आणि खरी भीती तिथून सुरू होते, कारण पाठलाग करणारी स्त्री जनावराचे रूप घेते असा संशय आहे, आणि ती आता कोणत्या रूपात आहे हे आपल्याला कळत नाही. ती स्त्री घाईघाईने चालू लागते, आणि एकाएकी जनावराच्या फुत्कारासारखा आवाज करीत पडद्यावर शिरते ती एक बस. निर्माता व्हाल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला ‘ल्यूटन बस’ असे नाव पडले. दचका बसने दिला हे खरे, पण तो बसला तो आधीच्या शांततेमुळे. गटात हे दृश्य दोनदा पाहावे, दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज काढून घेतल्यावर काय शिल्लक राहते हे पाहणे, हीच कोणत्याही दचक्याची परीक्षा आहे. नंतरच्या असंख्य चित्रपटांनी बस घेतली आणि शांतता सोडून दिली. मांजर उडी मारते, मित्र मागून खांद्यावर हात ठेवतो, आरशात कोणीतरी दिसते, आणि प्रत्येक वेळी संगीत किंचाळते. असे तीनदा झाले की प्रेक्षकाचा त्या संगीतावरचा विश्वास उडतो, आणि खरे संकट येते तेव्हा तो सावध होण्याऐवजी कंटाळलेला असतो.

नियम शोधणे : चर्चेचा मुख्य भाग

प्रत्येक भयपट प्रेक्षकाशी एक करार करतो. भूत कोणाला दिसते, कुठपर्यंत येऊ शकते, कशाने थांबते, कोणत्या चुकीची शिक्षा देते, हे तो आपल्याला थेट किंवा आडून सांगतो. माझ्या मते भयपट जमण्या-फसण्याचे सर्वांत मोठे कारण या कराराच्या पालनात आहे. रंगभूषा, खर्च आणि संगणकीय दृश्ये त्यानंतर येतात. म्हणून चर्चेतील निम्मा वेळ याच पायरीला द्यावा. प्रथम सर्वांनी मिळून चित्रपटाचे नियम फळ्यावर एकेका वाक्यात लिहावेत. मग प्रत्येक नियमापुढे तो आपल्याला कोणत्या दृश्यात कळला, आणि पुढे तो पाळला गेला की मोडला, हे नोंदवावे.

‘तुंबाड’ घेऊन हे करून पाहिले तर फळा सहज भरतो (चित्रपट न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद वगळावा). हस्तर म्हणजे या कथेतील शापित देव; त्याला सोन्याचा आणि अन्नाचा लोभ आहे. पिठाच्या बाहुलीने त्याला बोलावता येते. पिठाचे रिंगण त्याला ओलांडता येत नाही. तो बाहुली खाण्यात गुंतलेला असेल तेवढ्याच वेळात त्याच्या लंगोटातून मोहरा काढता येतात. त्याने ज्याला स्पर्श केला त्याला मरणही येत नाही, आणि या नियमाचा पुरावा म्हणून आजी आपल्याला चित्रपटाच्या आरंभीच दाखवलेली असते. आता शेवटाकडे पाहावे. बापलेकांना वाटते की एक बाहुली नेली तर मूठभर सोने मिळते, मग अनेक बाहुल्या का नेऊ नयेत? आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. या क्षणी चित्रपटाने नवा नियम आणलेला नाही. जुनाच नियम माणसाच्या हावेने शेवटपर्यंत ताणला आहे. म्हणून ते दृश्य अंगावर येते. आपण मनातल्या मनात ‘हे असेच होणार होते’ असे म्हणतो, आणि तरीही आपल्याला ते आधी सुचलेले नसते.

आता याच्या उलट बाजूचा एखादा फसलेला चित्रपट आठवावा. भूत पूर्वार्धात फक्त रात्री आणि फक्त त्या वाड्यातच दिसत होते. उत्तरार्धात ते भर दुपारी शहरातील रुग्णालयात पोचते आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही. ज्या अंगाऱ्याने एकदा ते थांबले तो दुसऱ्यांदा निष्प्रभ ठरतो, कारण कथेला अजून वीस मिनिटे काढायची असतात. काहीही घडू शकते असे झाले की भीती संपते, कारण कशापासून जपायचे हेच प्रेक्षकाला उरत नाही. नवशिक्या दिग्दर्शकांना वाटते की भुताची ताकद वाढवली म्हणजे भीती वाढेल. प्रत्यक्षात भुताची मर्यादा जितकी ठळक, तितकी त्या मर्यादेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची काळजी अधिक वाटते. जपानी ‘रिंग’ (१९९८) मध्ये सात दिवसांची मुदत आहे, आणि ती मुदतच सारा चित्रपट ओढून नेते.

नियम केवळ कथेतच असतात असे नाही. ‘जॉज’ (१९७५) मध्ये शार्क येतो तेव्हा दोन स्वरांचे ते प्रसिद्ध संगीत वाजते. दोन मुले खोटा पर बांधून लोकांना घाबरवतात त्या दृश्यात मात्र ते वाजत नाही. म्हणजे संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक आहे. हा विश्वास पक्का झाल्यावर, तासाभराहून अधिक वेळ गेल्यानंतर, संगीताची कोणतीही सूचना न देता शार्क पाण्यातून तोंड वर काढतो. इथे नियम मोडला आहे, परंतु एकदाच, पूर्ण जाणीवपूर्वक आणि नेमक्या ठिकाणी. गटाला हा फरक समजला की ‘नियम पाळला’ आणि ‘नियम मोडला’ या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना आपोआप तयार होतो : ‘मोडला, पण कमावून मोडला’.

जागा पारखणे : इथे आपले डोळे तयार आहेत

चित्रपटातील जागा खरी वाटते की नाही, हे त्या जागेत राहणाऱ्याला लगेच कळते, आणि या पायरीवर सीमाभागातील प्रेक्षकाची साक्ष मोलाची आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा चित्रपट उसाच्या फडात घडतो. सावकारांपासून लपण्यासाठी एक गर्भवती स्त्री आणि तिचा नवरा फडाच्या मधोमध असलेल्या घरात येऊन राहतात. चिकोडी, रायबाग, अथणी या भागात वाढलेल्या माणसाला विचारावे, तोडणीआधीच्या उसात दिवसाउजेडी काय दिसते? दोन-तीन हातांपलीकडे काही दिसत नाही. पाचट पायाखाली वाजते, त्यामुळे आपलाच आवाज आपल्याला दुसऱ्याचा वाटतो. थांबले की वाऱ्याने पाला सळसळतो आणि कोणी चालत आहे की वारा आहे हे ठरवता येत नाही. पात्याची धार हाताला आणि गालाला चरचरते, म्हणून धावणारा माणूस तोंडापुढे हात धरूनच धावतो. सरीतून सरळ गेले तर बाहेर पडता येते, सरी ओलांडत गेले की दिशा चुकते. हे ज्याला ठाऊक आहे त्याने चित्रपटातील धावण्याची दृश्ये बारकाईने पाहावीत आणि कुठे खरे वाटले, कुठे खोटे वाटले, ते नोंदवावे. या चित्रपटाचे मोठे यश असे की त्याला अंधाराची फारशी मदत घ्यावी लागत नाही. आपल्या रोजच्या, उघड्या, उन्हातल्या शेताचेच त्याने भय केले.

त्याच दृष्टीने ‘तुंबाड’मधील पाऊसही पारखावा. कणकुंबी, जांबोटी किंवा खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत चार महिने पावसात काढलेल्या माणसाला ओल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही : भिंतीवर चढणारी बुरशी, न वाळणारे कपडे, ओल्या लाकडाचा घरभर कोंडलेला धूर. त्या चित्रपटात आकाश सतत भरलेले आहे आणि ऊन जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तो वाडा कुजत चालला आहे हे कोणत्याही पात्राने न सांगता आपल्याला पटते. पंकज कुमार यांच्या छायालेखनाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता. आता ज्या चित्रपटांत ‘जुना वाडा’ म्हणून स्वच्छ झाडलेल्या फरशीवर कृत्रिम धूर सोडलेला असतो, ते याच्याशेजारी ठेवून पाहावेत. फरक शब्दांत मांडणे सोपे जाईल. जागा भीतिदायक व्हायला ती जुनीच असावी लागते असेही नाही. २००३ च्या ‘भूत’ने मुंबईतील साधी सदनिका घेतली, चित्रपटात एकही गाणे ठेवले नाही, आणि लिफ्ट, जिना, स्वयंपाकघर एवढ्यावरच काम भागवले.

भुताचे गाऱ्हाणे

आपल्या लोककथांतील प्रत्येक भुतामागे एक अपुरे राहिलेले आयुष्य असते. मुंज झाली पण लग्नाआधीच वारला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने हेच कारण कथेचा कणा म्हणून वापरले. चर्चेत विचारावे : या भुताला नेमके काय हवे आहे, आणि ते हवे असण्यात जिवंत माणसांचा दोष किती आहे? ‘लपाछपी’चे उत्तर स्त्रीभ्रूणहत्येपर्यंत जाते, म्हणून चित्रपट संपल्यावरही भीती घरी येते. ज्या चित्रपटांत हे कारण शेवटच्या अर्ध्या तासात एखादा मांत्रिक बसून सांगतो, ते बहुधा तिथेच फसतात. गाऱ्हाणे आपण शोधून काढलेले नसते, ते वाचून दाखवलेले असते.

विनोदी भयपटाला हीच पट्टी थोडी बदलून लावावी. ‘झपाटलेला’ (१९९३) आजही का टिकून आहे? तात्या विंचूला स्वतःला काहीच विनोदी वाटत नाही, त्याला खरोखर माणसाचे शरीर हवे आहे. हसू येते ते त्याच्या भोवतीच्या घाबरलेल्या माणसांचे. भूतच विनोद करू लागले की दोन्ही बाजू पातळ होतात.

एकच कथा, दोन भाषा

ही पायरी आपल्या भागाइतकी सहज इतरत्र क्वचितच करता येईल. १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळू’ पुढे कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) आणि हिंदीत ‘भूल भुलैया’ (२००७) झाला. कन्नड आणि हिंदी दोन्ही आवृत्त्या पाहिलेले लोक बेळगावात सहज मिळतात. त्यांना पुढे बसवावे. बंद खोली, तिच्यातील नर्तकीची कथा, घरातील एका स्त्रीचे हळूहळू बदलत जाणे आणि शेवटी मानसशास्त्रीय उलगडा, हा सांगाडा एकच असताना कोणत्या आवृत्तीत ती स्त्री बदलते आहे याची शंका आधी येते? गाण्यांमुळे ताण कुठे सुटतो? भूत नव्हतेच असे कळल्यावर आधीची भीती फसवणूक वाटते की अधिक खोल होते? गट कन्नड बोलणाऱ्यांचाही असेल तर ज्याने त्याने आपल्याला सुचेल त्या भाषेत बोलावे. दृश्य सर्वांसमोर आहे, अर्थ लागायला अडचण येत नाही. मुलांना पुढचा भाग ठाऊक असतो, म्हणून हेही विचारता येते की २०२२ च्या ‘भूल भुलैया २’ मध्ये भूत खरेच आहे असे ठरवल्याने पहिल्या चित्रपटाचा करार कसा बदलला.

चर्चा भरकटू न देणे

भयपटावरील बोलणे बघता बघता गावातील खऱ्याखोट्या कहाण्यांकडे वळते. अमक्या वळणावर काय दिसते, तमक्या घरात काय झाले. थोडा वेळ ते ऐकून घ्यावे, कारण लोककथा हा भयपटाचा कच्चा माल आहे. १९९० च्या दशकात कर्नाटकात भूत परतवण्यासाठी दारांवर ‘नाळे बा’ (उद्या ये) लिहिले जात असल्याची जी दंतकथा पसरली, तिच्यावरूनच ‘स्त्री’ (२०१८) चा नियम घेतला गेला. परंतु बोलणे एखाद्या जिवंत व्यक्तीकडे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखवू लागले, तर चर्चा चालवणाऱ्याने ते तत्काळ आणि स्पष्ट शब्दांत थांबवावे. अशा संशयातून माणसांचे आयुष्य उद्ध्वस्त होते, आणि कर्नाटकात अमानवी अनिष्ट प्रथा व काळी जादू यांच्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, हेही तिथेच सांगावे.

‘मी घाबरलो नाही’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : घाबरण्याच्या सर्वांत जवळ तू कोणत्या दृश्यात आला होतास? आणि जो फार घाबरला असेल त्याची थट्टा होऊ देऊ नये. त्याच्याकडे सर्वांत चांगली माहिती असते.

शेवटी प्रत्येकाने निकाल दोन वाक्यांत लिहावा. पहिल्या वाक्यात चित्रपटाने दिलेला मुख्य नियम, दुसऱ्यात तो नियम कोणत्या दृश्यात पाळला गेल्याने चित्रपट जमला किंवा कोणत्या दृश्यात सुटल्याने फसला. ‘छान होता’, ‘टुकार होता’ अशी वाक्ये परत करावीत. हे कागद एका वहीत चिकटवून ठेवावेत आणि वर चित्रपटाचे नाव, वर्ष, भाषा आणि तो कशावर पाहिला, ते लिहावे. पुढच्या बैठकीला वहीतील जो निकाल सर्वांत जास्त मतभेदाचा असेल, त्यातील एकच दृश्य पुन्हा लावावे, आणि नवा चित्रपट त्यानंतर घ्यावा.